उत्तर आलं, ताळा पाहिला का? संगणकी बीजगणित आणि थिअरम प्रूव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात एम.एस्सी. गणिताच्या मुलांना मी कॉम्प्युटर अल्जेब्रा शिकवतो. शनिवारी तास सुटला की सात-आठ जण मागे थांबतात. कुणी अमळनेरचं, कुणी पारोळ्याचं, एक मुलगी तर थेट शिरपूरहून येते. त्यांना मी लीन आणि इसाबेल हे थिअरम प्रूव्हर, म्हणजे गणिती सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअर, उघडून दाखवतो. दर वर्षी मुलं बदलतात, प्रश्न मात्र तेच असतात. फळ्यावर तेच ते लिहून खडू संपले, म्हणून एकदाचं इथे लिहून ठेवतो. घाईत असाल तर चौथा आणि सातवा प्रश्न तेवढा वाचा, बाकीचं सवडीने.

१. हाई बठ्ठं कसाले (हे सगळं कशाला), सर? मॅक्सिमा (बीजगणित करणारं सॉफ्टवेअर) उत्तर देतं ना!

देतं की. पण मोठा गुणाकार झाला की शाळेत गुरुजी "ताळा पाहिला का?" म्हणायचे, ते आठवा. गुणाकार कितीही सुबक मांडलेला असो, ताळा जुळल्याशिवाय त्यावर बरोबरची खूण होत नसे. आता गुणाकार आपण करत नाही, सॉफ्टवेअर करतं, आणि ताळा पाहायची सवयही त्याच्याबरोबरच गेली. थिअरम प्रूव्हर हा ताळा पाहणारा आहे. त्याला कुणाची भीड नाही, आणि "चालतंय, पुढे चला" हे वाक्य त्याला येत नाही.

२. कॉम्प्युटर अल्जेब्रा म्हणजे मोठा कॅल्क्युलेटरच ना?

नाही. कॅल्क्युलेटर दोनाचं वर्गमूळ १.४१४२१३५६ असं सांगून मोकळा होतो. मॅक्सिमा ते वर्गमूळ तसंच ठेवतं, पुढे कुठे त्याचा वर्ग झाला की नेमके २ देतं. बहुपदीचे अवयव, संकलन (इंटिग्रेशन), निश्चयक (डिटरमिनंट), समीकरणाची उकल, सगळं अक्षरांत. मॅक्सिमाचा पूर्वज १९६८ साली एमआयटीत लिहायला घेतला होता, म्हणजे हा धंदा काही कालचा नाही. आज मॅक्सिमा, सेजमॅथ, सिम्पाय फुकट मिळतात. मॅथेमॅटिका आणि मेपल विकत घ्यावी लागतात.

३. एवढी नावाजलेली सॉफ्टवेअर खरंच चुकतात?

चुकतात. अंतोनियो दुरान, मारिओ पेरेझ आणि हुआन लुईस वारोना या तीन स्पॅनिश गणितज्ञांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस' या मासिकात २०१४ साली आपली कर्मकहाणी छापली. मोठमोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक ते मॅथेमॅटिकाकडून काढून घेत होते. तेच मॅट्रिक्स, तीच आज्ञा, दोनदा चालवली तर दोन वेगळी उत्तरं. निश्चयक म्हणजे बेरीज आणि गुणाकार, दुसरं काही नाही. त्यात अंदाज नाही, दशांशांची काटछाट नाही. तरीही.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त मजेशीर वाटतं. साइन क्ष भागिले क्ष याचं शून्यापासून अनंतापर्यंत संकलन पायच्या (π) निम्मं येतं. त्याला क्षच्या जागी क्ष/३ घातलेल्या तशाच पदाने गुणा, उत्तर तेच. मग क्ष/५, क्ष/७, असं करत क्ष/१३ पर्यंत जा, उत्तर तेच. क्ष/१५ घातलं की उत्तर पायच्या निम्म्याहून किंचित कमी येतं, फरक अकराव्या दशांश स्थळी. कुणीही म्हणेल, बग आहे. तसं समजलंही गेलं. पण सॉफ्टवेअर बरोबर होतं. १/३ + १/५ + ... + १/१३ ही बेरीज सुमारे ०.९५५ होते, म्हणजे १ च्या आत राहते. १/१५ मिळवला की ती १.०२ च्या आसपास जाते, आणि तिने १ ओलांडला की सूत्र मोडतं. डेव्हिड आणि जोनाथन बोरवाइन या बापलेकांनी हे २००१ साली मांडलं. सांगायचं हे की "उत्तर विचित्र दिसतंय" आणि "उत्तर चुकलंय" हे आपल्या डोळ्यांना वेगळं ओळखता येत नाही. सरळ दिसणारं उत्तर चुकीचं असू शकतं, विचित्र दिसणारं बरोबर.

४. चूक नेमकी कुठे दडलेली असते?

मुलांना वाटतं, मोठ्या आकडेमोडीत. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा चूक न लिहिलेल्या अटीत असते.

मॅक्सिमाला क्षच्या न-व्या घाताचं संकलन विचारा. ते थांबतं आणि तुम्हालाच विचारतं, न हा उणे एक आहे का? कारण उणे एक असेल तर उत्तर लॉगॅरिदममध्ये येतं, एरवी घातांकात एक मिळवून त्यानेच भागायचं. पहिल्यांदा हा प्रश्न पडद्यावर आला की मुलं गडबडतात, "सर, बिघडलं." बिघडलं नाही बाबा, ते शहाणपणाने वागतंय. आता त्याच मॅक्सिमाला अ·क्ष = ब हे समीकरण सोडवायला सांगा. काही न विचारता ब भागिले अ. अ शून्य असेल तर? चकार शब्द नाही. एका दारात पहारेकरी, दुसरं दार सताड उघडं. ही कुणाची बेपर्वाई नाही, असं गृहीत धरूनच ही सॉफ्टवेअर लिहिली जातात की अक्षरांच्या "सर्वसाधारण" किमतींना उत्तर बरोबर असलं म्हणजे झालं. माणूस समोर बसलेला असेल तर ते चालतं. पण ते उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात गेलं, तिथून तिसऱ्याच्या, की ती अट कुणालाच आठवत नाही.

ही दुखणी जुनी आहेत आणि आपल्या गावची आहेत. चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. त्या आजोबांच्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच निम्मं मिळवलं, ३ ने गुणलं, शून्याने भागलं, ६३ आले, संख्या कोणती? उत्तर १४ दिलंय. म्हणजे वरचं शून्य आणि खालचं शून्य उडवलं. आज वर्गात कुणी असं केलं तर मी गुण कापीन. पण भास्कराचार्य एक गोष्ट बजावून सांगतात: पुढे क्रिया शिल्लक असेल तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य करून टाकू नका, ती 'खगुण' आहे याची आठवण ठेवा. शून्य तिथे आहे याची त्यांनी नोंद ठेवली. आपली सॉफ्टवेअर क्ष भागिले क्षचा १ करतात आणि क्ष शून्य नसावा ही नोंद कचऱ्यात टाकतात.

हेच लीनमध्ये करून पाहा. "क्ष गुणिले अ, भागिले अ, बरोबर क्ष" असं प्रमेय लिहा आणि सिद्ध करायला सांगा. वरचा-खालचा अ उडवायचा नियम लावला तर पडद्यावर लाल रेघ उमटते आणि एक ओळ अडून राहते: अ शून्य नाही हे दाखवा. दाखवल्याशिवाय ती ओळ जात नाही. मुलं त्या लाल रेघेला शिव्या घालतात. माझं मत विचाराल तर सगळ्या विषयाचं मोल त्या एका लाल रेघेत आहे.

५. थिअरम प्रूव्हर म्हणजे नेमकं काय? त्यालाही कुणीतरीच लिहिलंय ना?

लिहिलंय, म्हणून त्याची बांधणी समजून घ्या. दोन जाती आहेत. व्हॅम्पायर, ई, झेड-थ्री हे स्वयंचलित: विधान द्या, ते एकटे झगडतात आणि होय, नाही किंवा "वेळ संपली" सांगतात. लीन, इसाबेल, एचओएल लाइट, कॉक (ज्याचं नाव आता रॉक झालंय) हे संवादी: सिद्धता तुम्ही पायरी पायरीने सांगायची, ते प्रत्येक पायरी तपासतात. प्रत्यक्षात दोन्ही मिसळतात. इसाबेलमध्ये स्लेजहॅमर म्हणून सोय आहे. अडलात की ती प्रश्न स्वयंचलित प्रूव्हरांकडे धाडते, त्यांनी सुचवलेला रस्ता परत आणते, आणि इसाबेल तो स्वतःच्या नियमांनी पुन्हा चालून पाहतं. नुसत्या सांगण्यावर विश्वास नाही.

ही शिस्त १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर यांच्या एलसीएफ या प्रूव्हरपासून आली. कल्पना टाकसाळीची आहे. प्रमेय हे नाणं एकाच टाकसाळीतून पडतं, तिला कर्नल म्हणतात. बाहेर कितीही हुशार कारागीर असोत, नाणं पाडायचा अधिकार त्यांना नाही; धातू आणून द्यायचा, ठसा कर्नल मारणार. त्यामुळे बाहेरच्या हजारो ओळींत चूक असली तर सिद्धता मिळणार नाही, एवढंच. खोटी सिद्धता मिळायला कर्नलच चुकावा लागतो, आणि एचओएल लाइटचा कर्नल काही शे ओळींचा आहे. तो माणूस वाचू शकतो.

६. भरपूर टेस्ट केलं तर पुरत नाही का?

मलाही पुरतं असंच वाटायचं. माझीच फजिती सांगतो.

बहुपदीत एकच अवयव पुन्हा पुन्हा आला असेल तर तो एकेकदाच ठेवायचा, असा छोटा प्रोग्रॅम मी वर्गासाठी पायथनमध्ये लिहिला होता. रीत सोपी: बहुपदी घ्या, तिचं विकलन (डिफरन्शिएशन) करा, दोघांचा मसावि काढा, मूळ बहुपदीला त्याने भागा. मूळ संख्येच्या शेषांच्या अंकगणितात तो चालवायचा होता. यादृच्छिक बहुपदी तयार करून पाच हजार टेस्ट केल्या, सगळ्या हिरव्या. दोन वर्षं तो प्रोग्रॅम मी निर्धास्त वापरला.

मग मुलांना सराव म्हणून तोच लीनमध्ये सिद्ध करायला बसलो. एका पायरीला "स्थिर नसलेल्या बहुपदीचं विकलन शून्य नसतं" हे लागत होतं. मॅथलिब या लीनच्या ग्रंथालयात ते प्रमेय सापडलंही, पण लावलं की लीन म्हणे, ज्या अंकगणितात १ कितीही वेळा मिळवला तरी शून्य होत नाही तिथेच हे चालेल. मी वैतागलो. चहा घेऊन आलो. मग कागदावर मॉड्युलो ५ मध्ये, म्हणजे ५ ने भागून उरणाऱ्या बाकींच्या अंकगणितात, क्ष⁵ + २ मांडलं. विकलन केलं तर ५क्ष⁴, म्हणजे शून्य. मसावि मग ती बहुपदी स्वतःच. भागाकार १. माझा प्रोग्रॅम सांगत होता की या बहुपदीला अवयवच नाही. आणि खरं काय? मॉड्युलो ५ मध्ये ती (क्ष + २)⁵ आहे. २ चा पाचवा घात ३२, पाचाने भागून बाकी २. पाच हजार टेस्टमध्ये हे का सापडलं नाही? कारण टेस्टसाठी मी तीन आकडी मूळ संख्या घेतल्या होत्या आणि बहुपदी सहाव्या घाताच्या आतल्या. जिथे मला सुचलं तिथेच मी दिवा धरला होता.

ही चूक पुस्तकांत प्रसिद्ध आहे, मला ती माहीतही होती. माहीत असूनही केली, हे जास्त बोचलं.

७. मग अख्खं मॅक्सिमा सिद्ध करायचं? जन्म जाईल!

जाईल, म्हणून करू नका. माझा सगळा भर इथे आहे: शोधणाऱ्याला शोधू द्या, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्याकडून दाखला मागा आणि दाखला प्रूव्हरकडून तपासून घ्या. जॉन हॅरिसन आणि लोरां तेरी यांनी १९९८ साली मेपल आणि एचओएल यांची अशीच जोडी लावून दाखवली. शोधणं महाग असतं, तपासणं स्वस्त.

पुन्हा भास्कराचार्यच घ्या. ६१ य² + १ = क्ष², पूर्णांकांत सोडवा. चक्रवाल पद्धतीने त्यांनी ११५० साली सर्वांत लहान उत्तर दिलं: य = २२,६१,५३,९८० आणि क्ष = १,७६,६३,१९,०४९. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फर्माने हेच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं. शोधायला इतकं अवघड, पण तपासायला? दोन वर्ग, एक गुणाकार, एक मिळवणी. नऊचा ताळा तर तोंडी होतो: क्षच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १, त्याचा वर्ग १; यच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे ०, वर जाऊन ० + १ = १. जुळला. (अर्थात नऊचा ताळा दोन अंकांची अदलाबदल पकडत नाही, आमच्या गुरुजींनी हे कधी सांगितलं नाही.) लीनला पूर्ण समीकरण द्या, नॉर्म-नम ही एक आज्ञा दिली की क्षणात सिद्ध. ते उत्तर चक्रवालाने आलं, मेपलने दिलं की स्वप्नात दिसलं, लीनला काही देणंघेणं नाही.

अवयवांचंही तसंच. क्ष⁴ + ४ चे अवयव सॉफ्टवेअरने (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) दिले, तर गुणून बघा. मसाविचा दाखला थोडा मोठा: तो दोन्ही बहुपदींना भागतो, आणि दोन्हींना कशाकशाने गुणून मिळवलं की तो स्वतः येतो, हे दोन गुणक मागून घ्या. लीनसाठी पॉलिरिथ नावाची सोय लिहिली गेली ती याच चालीची: समीकरणं सेजमॅथकडे जात, गुणक परत येत, तपासणी लीन स्वतः करत असे.

पण दाखला कशाचा आहे हे नीट बघा, नाहीतर फसाल. गुणाकार जुळला म्हणजे "हे अवयव आहेत" एवढं कळलं. "यांचे आणखी अवयव पडत नाहीत" हे नाही कळलं. क्ष⁴ + १ पूर्णांकांत फुटत नाही. ते दाखवायची नेहमीची युक्ती म्हणजे एखाद्या मूळ संख्येच्या शेषांत ती फुटत नाही हे दाखवणं. इथे तीही लागू पडत नाही, कारण ही बहुपदी प्रत्येक मूळ संख्येच्या शेषांत फुटते! वेगळा दाखला हवा.

संकलनाचं तर विचारूच नका. "उत्तराचं विकलन करून बघ, मूळ फलन आलं की झालं" असं आपण शिकवतो. १ भागिले (२ + कोसाइन क्ष) याचं शून्यापासून दोन पायपर्यंत संकलन करा. पुस्तकी रीतीने येणाऱ्या उत्तरात क्ष/२ चा टॅन्जंट असतो, आणि तो दोन्ही टोकांना शून्य. वजा केलं की उत्तर शून्य. फलन तर कुठेही १/३ च्या खाली जात नाही, क्षेत्रफळ शून्य कसं असेल? विकलनाचा ताळा जुळतो, फक्त मधे पाय या बिंदूवर ते उत्तर तुटलंय, तिथे सांधा बसवावा लागतो. खरं उत्तर दोन पाय भागिले तीनचं वर्गमूळ, साधारण ३.६३. प्रूव्हरमध्ये कलनाचं मूलभूत प्रमेय लावायला गेलात की पहिली मागणी येते: अखंड आहे हे दाखवा. पुन्हा तीच लाल रेघ.

८. तरी काही भाग मुळापासून सिद्ध केलेत का कुणी?

केलेत, आणि चांगले केलेत. ग्रोब्नर बेसिस (बहुपदी समीकरणांच्या संचाची सोयीची मांडणी) काढायचा बुखबर्गर यांचा १९६५ चा अल्गोरिदम तेरी यांनी कॉकमध्ये सिद्ध केला. जीएमपी हे मोठ्या पूर्णांकांचं ग्रंथालय बरीच सॉफ्टवेअर वापरतात. त्यातल्या वर्गमूळाची सिद्धता २००२ साली झाली. पूर्णांक बहुपदींचे अवयव पाडायचा बर्लेकॅम्प-झासेनहाउस अल्गोरिदम इसाबेलमध्ये सिद्ध झाला, मग एलएलएल अल्गोरिदम (पूर्णांकांच्या जाळीत छोटे सदिश शोधणारा) आणि त्यावर आधारलेलं अवयवीकरणही. ते करताना एका नामांकित पाठ्यपुस्तकातल्या मांडणीतच चूक सापडली. वर्षानुवर्षं वाचलेलं पुस्तक! इसाबेल सिद्ध झालेल्या व्याख्यांवरून चालणारा हॅस्केल किंवा स्काला कोडही काढून देतं. वेगात तो हाताने घासूनपुसून लिहिलेल्या कोडच्या मागे राहतो. ज्याला जी घाई.

९. या जोडीने एखादं खरोखर मोठं काम झालंय?

माझं आवडतं उदाहरण अपेरींचं. १/१ + १/८ + १/२७ + ... ही घनांच्या व्यस्तांची बेरीज १.२०२०५६९... अशी चालते. ती अपरिमेय आहे हे रॉजर अपेरी यांनी १९७८ साली जाहीर केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. त्या सिद्धतेत एक आवर्ती संबंध (मागच्या पदांवरून पुढचं पद काढायचं सूत्र) आहे, हाताने तपासायला जीवघेणा. शिझाक, महबूबी, सिबु-पिनो आणि तासी यांनी २०१४ मध्ये तो मेपलकडून काढून घेतला आणि कॉककडून तपासून घेतला. मेपलने दिलेल्या दाखल्यांत छेद होते, आणि काही पूर्णांकांना ते छेद शून्य होत. म्हणजे दाखला बरोबर, पण त्या त्या जागा वगळून. कुठे काय वगळायचं हे मेपल सांगत नव्हतं. ते माणसांनी कॉकसमोर बसून सांभाळलं. शिवाय १ पासून न पर्यंतच्या संख्यांचा लसावि किती वेगाने वाढतो, हा एक तुकडा त्यांनी तेव्हा गृहीत धरला आणि तसं उघड लिहिलं. तो पुढे सिद्ध केला. कागदावरच्या सिद्धतांत असा गृहीत धरलेला तुकडा "स्पष्टच आहे की" या शब्दांखाली झाकला जातो.

१०. लीनमध्ये १ भागिले ० बरोबर ० असतं म्हणे. मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न विचारणारा मुलगा मला दर वर्षी भेटतो आणि दर वर्षी आवडतो. लीनमध्ये भागाकार ही क्रिया प्रत्येक जोडीला काहीतरी उत्तर देईल अशीच व्याख्या करावी लागते, म्हणून शून्याने भागलं की ० असं ठरवून टाकलंय. इसाबेलमध्येही तेच. भास्कराचार्य अशा राशीला 'खहर' म्हणतात आणि तिला अनंत मानतात. लीनने सोयीसाठी ० मानलं. नावाने बिघडत नाही, नियमाने बिघडतं. "अ भागिले ब गुणिले ब बरोबर अ" हा नियम लीन ब शून्य नसेल तरच वापरू देतं. चुकीचं काही सिद्ध होत नाही. पण तुमचं विधानच तुम्ही बेसावधपणे लिहिलंत, तर सिद्ध झालेलं प्रमेय तुम्हाला वाटतं ते नसेल. त्याबद्दल पुढे.

११. प्रूव्हरच चुकला तर?

कॉकच्या कर्नलमध्येही चुका सापडल्यात, त्यांची यादी ते लोक स्वतःच ठेवतात. शिवाय कर्नलखाली कंपायलर, त्याखाली प्रोसेसर. १९९४ साली पेंटियमच्या भागाकारात चूक निघाली, थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला ती मूळ संख्यांवर काम करताना सापडली, आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. त्यानंतर चिपच्या आकडेमोडीची औपचारिक पडताळणी हा तिथे पगारी कामाचा भाग झाला. वर ज्यांचं नाव आलं ते हॅरिसन पुढे तिथेच होते.

पण मला झोप उडवणारी चूक वेगळी आहे: विधानच चुकीचं लिहिणं. "हा प्रोग्रॅम यादी क्रमाने लावून देतो" हे सिद्ध करताना तुम्ही "निघालेली यादी चढत्या क्रमात आहे" एवढंच लिहिलं, तर नेहमी रिकामी यादी देणारा प्रोग्रॅमही उत्तीर्ण. आतल्या वस्तू त्याच राहिल्या पाहिजेत हे लिहायचं राहिलं. प्रूव्हर विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. म्हणून माझ्या वर्गात सिद्धतेला निम्मे गुण आणि विधानाला निम्मे. मुलांना हे अन्यायाचं वाटतं.

१२. आता एआय सिद्धता लिहितंय, मग हे शिकून उपयोग?

२०२४ मध्ये अल्फाप्रूफ आणि त्याच्या जोडीदार प्रणालीने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या सहापैकी चार प्रश्न सोडवले, रौप्यपदकाइतके गुण मिळवले. अल्फाप्रूफ सिद्धता लीनमध्ये लिहीत होतं. का, हे सातव्या प्रश्नात आहे: शोधणारा कुणीही असो, तपासणारा वेगळा हवा. आणि विधान बरोबर लिहिलंय का हे बघायला माणूस.

१३. खानदेशात बसून सुरुवात कशी करू? कॉलेजची लॅब पाचला बंद होते.

पहिले काही आठवडे काहीच उतरवून घेऊ नका. लीन ब्राउझरमध्येही चालतं, आणि नॅचरल नंबर गेम हा फुकट खेळ बेरजेचे नियम सिद्ध करत करत लीन शिकवतो. मोबाइलवर तो कटकटीचा होतो, कुणाचा तरी लॅपटॉप धरा. पुढे मॅथलिब लागेल; ते काही जीबी जागा खातं, तेव्हा होस्टेलच्या नेटवर रात्री लावून ठेवा आणि लाइट जाणार नाही अशी आशा करा. अल्गोरिदम सिद्ध करून त्यातून चालता कोड काढायचा असेल तर इसाबेल बरं, स्लेजहॅमर नवशिक्याला मोठा हात देतं. निव्वळ गणितात रस असेल तर लीन. दोन्ही एकदम सुरू करू नका, केळी आणि कापूस एकाच वाफ्यात लावल्यासारखं होतं.

इंग्रजीचा बाऊही करू नका. आज्ञा तीस-चाळीसच आहेत, आणि अडलेली ओळ चिन्हांत असते.

१४. पहिला सराव कशावर करू?

चौथ्या प्रश्नातल्या समीकरणावर. अ·क्ष = ब याची वास्तव संख्यांतली सगळी उत्तरं सांगणारं विधान लिहा. अ शून्य नसेल तेव्हा काय, अ शून्य आणि ब शून्य तेव्हा काय, अ शून्य पण ब शून्य नाही तेव्हा काय. तिन्ही सिद्ध करा. चार-पाच ओळींचं काम आहे. आमच्याकडे पहिल्या वेळी सरासरी दोन शनिवार लागतात.

ते झालं की ६१ घ्या. समीकरण जुळतं हे एका आज्ञेत होईल. मग भास्कराचार्यांचं उत्तर सर्वांत लहान आहे, त्याहून लहान य (शून्य सोडून) चालतच नाही, हे सिद्ध करून बघा. एकेक करून सगळे तपासायला सांगाल तर लॅपटॉप तापेल आणि हाती काही लागणार नाही. शिरपूरच्या मुलीने त्यासाठी काय दाखला द्यायचा हे शोधलंय असं ती म्हणते. लीनमध्ये अजून दोन लाल रेघा शिल्लक आहेत.